परदेशी मिशनसेवेला निघताना: एका नर्स सिस्टरच्या सूचना

वसईतल्या आमच्या पट्ट्यातून दर वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी परदेशी मिशनसेवेला निघतं. कधी नुकतं व्रत घेतलेली सिस्टर, कधी तरुण फादर, अलीकडे एखादी प्रापंचिक नर्स किंवा शिक्षकही वर्षभरासाठी जातो. निघण्याआधी ही मंडळी मला भेटायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिस्टर, सोबत काय काय घेऊ?"

मी २००५ ते २०१६ केनियात होते, एल्डोरेट शहरापासून तासाभरावरच्या एका मिशन दवाखान्यात. सामानाची यादी मी पाच मिनिटांत सांगते. बाकीचं सांगायला दोन-तीन संध्याकाळी लागतात आणि तेवढा वेळ निघणाऱ्याकडे कधीच नसतो. म्हणून लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी द्यायला चालले आहे, असं मनात धरून मी विमानात बसले होते. अकरा वर्षांत माझी श्रद्धा तीन-चारदा पार डळमळली. ती सावरली ती मी कोणाला काही दिल्यामुळे नाही. तिथल्या माणसांनी पुढे केलेलं मी घेतलं, तेव्हा सावरली. घ्यायला मी फार उशिरा शिकले. तुम्ही लवकर शिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कागद आधी, मग बाकी सगळं

प्रार्थनेचं नंतर बोलू. आधी परमिट.

पर्यटक म्हणून मिळणाऱ्या परवानगीवर सेवाकार्य सुरू करू नका, "चार दिवसांचं तर काम आहे" असं कोणी म्हटलं तरीही. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी 'क्लास आय' नावाचं वेगळं परमिट असतं. तुम्ही नर्स असाल तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. आपली इकडची नोंदणी, गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले यांच्या साक्षांकित प्रती दोन-दोन संच करून न्या. एक संच सोबत ठेवा, एक घरी भावाकडे किंवा बहिणीकडे. पासपोर्टच्या प्रत्येक भरलेल्या पानाचा फोटोही घरच्यांकडे असू द्या.

केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. माझ्या वेळी तो दहा वर्षं चालायचा. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी धरला जातो.

आपल्या दूतावासात किंवा उच्चायोगात नाव नोंदवा. त्याचं कारण पुढे येईल.

काम मिळत नाही तेव्हा

मी पोहोचले आणि नोंदणीचे कागद पाच महिने अडकले. वसईत असताना रात्रपाळीला एकटीने प्रसूतीचा वॉर्ड सांभाळणारी मी, तिथे पाच महिने चादरी धुवत होते, आवार झाडत होते, औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. शेजारच्या खोलीत बाई कळा देत असायची आणि मला दाराबाहेर उभं राहावं लागायचं. देवाने बोलावलं असं मी समजले ते चुकलं की काय, हा विचार पहिल्यांदा मनात आला तो या पाच महिन्यांत. वादळ नाही, आजार नाही, नुसतं रिकामपण. याची तयारी मला कोणी करून दिली नव्हती.

तेव्हा मला आमचे गोन्सालो गार्सिया आठवले. वसईला जन्मलेला हा मुलगा, आई इथलीच. जेझुइट संघाच्या फादरांबरोबर लहान वयात जपानला गेला, तिथे आठ वर्षं त्यांचा मदतनीस म्हणून राबला, भाषा शिकला. त्यांच्या संघात दाखल व्हायची त्याची फार इच्छा होती, पण ते दार त्याच्यासाठी उघडलं नाही. मग तो मकावकडे गेला आणि व्यापार करू लागला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने त्याला बंधू म्हणून घेतलं आणि १५९३ मध्ये तो दुभाष्या होऊन पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. लहानपणी आम्हाला त्या क्रुसाचीच गोष्ट सांगितली जायची. त्या पाच महिन्यांत मला मात्र त्याची मधली वर्षं जवळची वाटली: दार बंद, हातात दुसऱ्याच कामाचा हिशेब, आणि तरी शिकलेली भाषा वाया न घालवणारा माणूस.

म्हणून सूचना अशी. पहिले सहा महिने तुमचं ठरलेलं काम मिळणार नाही असं धरूनच जा. त्या काळासाठी एकच काम हाती घ्या: भाषा. आणि ती पुस्तकातून नाही, चुलीपाशी. दवाखान्यात चादरी धुणाऱ्या बायकांनी मला स्वाहिली, तिथली राष्ट्रभाषा, शिकवली. त्या गुरू होत्या आणि मी विद्यार्थिनी. नोंदणी वेळेवर झाली असती तर मी त्यांच्या शेजारी कधी बसलेच नसते.

भाषेतली एक फसगत

स्वाहिली मराठी माणसाला वाटते तेवढी परकी नाही. अरबी समुद्रावरून शतकानुशतकं गलबतं ये-जा करत होती, त्याच्या खुणा शब्दांत राहिल्या आहेत. पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', रंगाला 'रंगी', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा', चपातीला 'चपाती'. पहिल्या आठवड्यात बाजारात 'लाकी मोजा' म्हणजे एक लाख असं ऐकलं, तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

घड्याळ मात्र वेगळं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटकांसारखे. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. मला हे ठाऊक होतं, पण तोंडवळणी पडलं नव्हतं. एका आईला मी बाळाच्या औषधाची पुढची मात्रा दुपारी दोनला द्यायला सांगितली आणि 'सा म्बिली' म्हणाले. तिने ती रात्री आठला दिली. बाळ बरं झालं, पण सहा तास मात्रा चुकली ती माझ्या जिभेमुळे. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर सूर्य काढू लागले: उगवता, डोक्यावरचा, मावळता. तुम्हीही औषध, मीटिंग, बस यांची वेळ नुसत्या आकड्यात सांगू नका. सकाळ, दुपार, रात्र हे शब्द जोडा आणि समोरच्याकडून वदवून घ्या.

एक शब्द पहिल्याच दिवशी शिका: 'पोले'. कोणाला ठेच लागली, कोणाची गाय मेली, कोणी दमून आलं, तरी समोरचा म्हणतो 'पोले'. त्यात माफी नसते. तुझं दुःख मला दिसलं, एवढंच त्यात असतं. तो ऐकला की "छे, काही नाही झालं" म्हणून झटकू नका. मी वर्षानुवर्षं झटकत होते.

थंडी, ताट आणि एका छपराखालची माणसं

आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून मी सुती साड्याच नेल्या होत्या. एल्डोरेट समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. जुलैच्या रात्री मी अंगावर दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत बसायचे आणि वसईचा दमट उकाडा आठवून डोळ्यांत पाणी यायचं. जिथे जाणार त्या गावाची उंची आणि महिन्यागणिक हवामान बघूनच कपडे भरा. स्वेटर, लोकरीचे मोजे, टॉर्च, रोजच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि घरचा मसाला. एवढं बास.

मसाल्याचं हसण्यावारी नेऊ नका. आम्ही चार सिस्टर एका घरात होतो: केरळची एक, टांझानियाची एक, आयर्लंडच्या वयस्कर सिस्टर आणि मी. आमची पहिली भांडणं धर्मशास्त्रावरून झाली नाहीत. ती झाली मिठावरून, गरम पाण्यावरून, भाजलेल्या सुक्या मासळीच्या वासावरून. परमुलखात सर्वांत जास्त जीव जाळते ती घरातलीच माणसं, हे कुणी आधी सांगत नाही. आम्ही एक उपाय केला आणि तो टिकला. आठवड्याचा एकेक दिवस एकेकीच्या घरचं जेवण, आणि त्या दिवशी बाकीच्यांनी मुकाट्याने खायचं. व्हिक्टोरिया सरोवरात 'ओमेना' नावाची बारीक मासळी मिळते, सुकवून विकतात, अगदी आपल्या जवळ्यासारखी. मी ती आईच्या मसाल्यात करायचे. आयरिश सिस्टरना तिसऱ्या वर्षी ती आवडू लागली.

पैशाच्या मागण्यांबद्दल थोडक्यात. शाळेची फी, औषध, मयताचा खर्च, रोज कोणीतरी दारात येईल. एकटीने कधीही देऊ नका आणि एकटीने कधीही नाकारू नका. घराचा एक ठरलेला निधी ठेवा आणि निर्णय दोघींनी मिळून घ्या. आणि दवाखान्याच्या दारात येणाऱ्याला प्रार्थनेची अट घालू नका. उपचार हे उपचार. कोणी आपणहून विचारलं, तर सांगा.

ताप आला तर, आणि मन खचलं तर

मी नर्स आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

मलेरियाच्या भागात ताप आला की 'बघू उद्या' म्हणायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो एक-दोन दिवसांत माणसाला कोमात नेऊ शकतो. आमचं ठाणं उंचावर असल्याने तिथे डास कमी होते, त्यामुळे मी गाफील राहिले. केरिओ खोऱ्यात लसीकरणाला उतरायचे तेव्हा मच्छरदाणी न्यायची राहून जायची. २००६ च्या मे महिन्यात मी बारा दिवस खाटेवर होते. त्या तापात मला देवाचा राग आला होता. खरं तर मच्छरदाणी माझी मीच विसरले होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आमच्याकडे वर्षभरासाठी एक तरुण स्वयंसेविका आली होती. दोन महिन्यांत तिची झोप उडाली, भयंकर स्वप्नं पडू लागली, प्रार्थनेला बसली की रडायची. "देवाने मला टाकलं," असं म्हणायची. आम्ही तिच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली. मग एका रात्री आयरिश सिस्टरांनी तिला विचारलं, "मलेरियाची कुठली गोळी घेतेस?" ती मेफ्लोक्विन घेत होती, आठवड्याला एक. या औषधाने काही जणांना दुःस्वप्नं, घबराट, खिन्नता येते. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक प्रतीचा इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी तिला दुसरं औषध सुरू केलं आणि काही आठवड्यांत ती सावरली. नोव्हेना व्यर्थ गेली असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न सिस्टरांना त्याच आठवड्यात सुचला.

तेव्हा श्रद्धा हलली असं वाटलं की आधी शरीर तपासा. झोप किती, जेवण किती, औषध कुठलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो आणि त्यात पापाचा संबंध नाही. बायबलमध्येच पाहा, पहिल्या राजे पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाचं डोंगरावरचं बोलणं त्यानंतर.

डिसेंबर २००७

ज्या संकटाची मी स्वप्नातही कल्पना केली नव्हती ते हे.

३० डिसेंबर २००७ रोजी केनियाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल जाहीर झाला आणि काही तासांत आमच्या भागात घरं पेटू लागली. आमच्याकडे कालेंजिन आणि किकुयू या दोन जमातींची माणसं शेजारी-शेजारी राहत. एकाच मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत, एकाच बाकावर बसत. नाताळला मी दोन्हीकडच्या मुलांना एकाच रांगेत उभं करून गाणी बसवली होती. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियाम्बा इथे आसऱ्याला आलेल्या माणसांसकट एक चर्च जाळलं गेलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. दोन महिन्यांत देशभरात अकराशेहून अधिक माणसं गेली, सुमारे सहा लाख बेघर झाली.

आमच्या प्रसूतीच्या वॉर्डात त्या रात्री एक्केचाळीस किकुयू माणसं झोपली होती. फाटकाबाहेर जी पोरं दगड आणि धनुष्यं घेऊन उभी होती, त्यांतल्या तिघांना मी कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवलं होतं. मी चॅपेलमध्ये जाऊन गुडघे टेकले आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आठ वर्षांपूर्वी आलेल्या आयरिश सिस्टर फाटकावर जाऊन त्या पोरांशी त्यांच्या कालेंजिन भाषेत बोलत होत्या. मला ती भाषा येत नव्हती, मी फक्त स्वाहिली शिकले होते. म्हणून सांगते, राष्ट्रभाषेवर थांबू नका. गावची भाषा थोडी तरी यायला हवी. निदान नमस्कार: 'चामगे'. निदान आभार: 'कोंगोई'.

व्यवहाराचं सांगायचं तर निवडणुकीच्या वर्षी एवढं करून ठेवा. पंधरा दिवसांचं पीठ, पाणी, रॉकेल, औषधं. फोनचा बॅलन्स, कारण त्या जानेवारीत दुकानंच बंद होती आणि बॅलन्स मिळेना. थोडी रोकड. उच्चायोगाचा नंबर कागदावर लिहिलेला; तिथे आधीच नाव नोंदवा म्हटलं ते याचसाठी. आणि ज्यांना आसरा द्याल त्यांच्या नोंदवहीत नाव, वय, आजार एवढंच लिहा, जमात लिहू नका. ती वही कोणाच्याही हाती पडू शकते. फोटो काढू नका. राजकारणावर चहाच्या टेबलावरही मत देऊ नका. तुमचं वाक्य बाजारात पोहोचेपर्यंत वेगळंच झालेलं असतं.

एल्डोरेटचे बिशप कॉर्नेलियस कोरीर स्वतः कालेंजिन होते. त्यांनी कॅथेड्रलचं आवार उघडून हजारो लोकांना आसरा दिला, त्यांत बहुसंख्य किकुयू. त्यांना स्वतःच्याच लोकांचे बोल खावे लागले. आमच्यापर्यंत ती बातमी आली तेव्हा मला उभं राहायला जरा बळ आलं.

पण मला खरं सावरलं ते एका दुधाच्या भोपळ्याने. चौथ्या दिवशी पहाटे मागच्या कुंपणाशी दुधाने भरलेला भोपळा, म्हणजे पोखरून वाळवलेल्या भोपळ्याचं भांडं, ठेवलेला दिसला. पाचव्या दिवशी पुन्हा. सातव्या दिवशी मी अंधारात थांबून पाहिलं. पलीकडच्या टेकाडावरची कालेंजिन आजी, आम्ही तिला 'कोगो' म्हणायचो, कोगो म्हणजेच आजी. तिचा नातू फाटकावर दगड घेऊन उभ्या असणाऱ्यांत होता. मी कुंपणापाशी गेले तर ती एवढंच म्हणाली, "वाटोटो नि वाटोटो." मुलं ती मुलं. आणि निघून गेली. तोवर मी तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. तिच्याकडचं 'मुरसिक', भोपळ्यात विरजलेलं दूध, मी पोट बिघडेल म्हणून दरवेळी टाळायचे.

प्रार्थना आटते तेव्हा

फेब्रुवारीच्या अखेरीस समझोता झाला. माणसं परतू लागली. आणि तेव्हा, धोका टळल्यावर, माझी प्रार्थना आटली. पहिलं वर्षभर तर ती पार आटलेलीच होती. मिस्सेत शब्द म्हणायचे, ख्रिस्तशरीर घ्यायचे आणि आत काहीच हलायचं नाही. असं तुमचं होईल. ताण असतो तेव्हा माणूस तग धरतो, तो उतरला की कोसळतो.

मी इकडच्या माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शक फादरांना पत्र लिहिलं की मला परत यायचं आहे. त्यांनी लोयोलाच्या इग्नेशियसचा जुना नियम लिहून पाठवला: मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलू नये. आणि त्याखाली तारीख घालायला सांगितली. आजपासून सहा महिने. त्या तारखेला पुन्हा विचार कर, तोवर नको. ही तारीख घालण्याची युक्ती मला फार उपयोगी पडली, तुम्हीही वापरा. याला अपवाद आहेत आणि ते ठळक सांगते. तुमच्यावर अत्याचार होत असेल, जिवाला धोका असेल, आजार बळावत असेल, तर सहा दिवसही थांबू नका. तिथून निघणं हा श्रद्धेचा पराभव नाही.

त्या सहा महिन्यांत काय करायचं? स्वतःच्या शब्दांची प्रार्थना जमत नसेल तर सोडून द्या, छापील म्हणा. मी स्तोत्र ८८ म्हणायचे. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही, याचाच मला आधार वाटायचा. आणि मातृभाषेत म्हणा. दिवसभर इंग्रजी-स्वाहिलीत बोलून रात्री रोझरी मराठीत म्हटली की 'नमो मरिये'च्या चालीवर आईचा आवाज यायचा. शेवटी दुसऱ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या, आणि तसं त्यांना सांगा. मी चादरी धुणाऱ्या बायकांना सांगितलं, "मला प्रार्थना होत नाही." त्यांना मुळीच धक्का बसला नाही. दर गुरुवारी त्या कपडे वाळत घातल्यावर माझ्या डोक्यावर ओले हात ठेवून प्रार्थना करायच्या. आदल्या वर्षी कोणी तसं करायला आलं असतं, तर सिस्टर मी आहे, असं मला वाटलं असतं.

गोव्याचे धर्मगुरू जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेष पालटून श्रीलंकेला गेले. जाफन्यात पोहोचले ते हगवणीने आजारी होऊन. १६९२ मध्ये कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. कैदेत ते सिंहली शिकले. पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा घराबाहेर टाकलेल्या रुग्णांची सेवा त्यांनी केली आणि ज्या राजाने कोंडलं त्यानेच मोकळीक दिली. १७११ मध्ये ते तिथेच गेले, गोव्याला परतले नाहीत. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. मला त्यांच्या आयुष्यात चमत्कारापेक्षा कैदेतला तो भाषेचा अभ्यास मोठा वाटतो.

घरचा फोन

नोव्हेंबर २०११. रात्री भावाचा फोन आला: "बाबा गेले."

माझा पासपोर्ट तेव्हा परमिटच्या नूतनीकरणासाठी एका कार्यालयात जमा होता. दुसऱ्या दिवशी मी तिथे उभी राहिले, विनवण्या केल्या. साहेब जागेवर नव्हते, कपाटाची किल्ली नव्हती. पासपोर्ट हातात आला तो नवव्या दिवशी. माझ्या बाबांची माती मी मोबाइलवर ऐकली. भावाने फोन थडग्याजवळ धरला होता. फादरांचा आवाज तुटक येत होता, मग घंटा, मग पेटीवर पडणाऱ्या मातीचा आवाज. तो मात्र स्पष्ट आला.

याबद्दल तुम्हाला दोन गोष्टी बजावते. परमिटची मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच अर्ज करा आणि पासपोर्ट जमा करायचा असेल तर तातडीने परत हवा असल्यास कोणाला भेटायचं, हे त्याच दिवशी विचारून नाव लिहून घ्या. आणि निघण्याआधी आई-वडिलांजवळ बसून मरणाबद्दल बोला. "मी पोहोचू शकले नाही तर थांबू नका" किंवा "दोन दिवस थांबा", जे काय ते तोंडाने बोलून ठेवा. फोन कोण करणार तेही ठरवा. अपशकुन वाटतो, आई पदराने डोळे पुसते, तरी बोला. आमच्या घरी ते झालं नव्हतं. भाऊ माझ्यासाठी थांबायचं की नाही या विचारात एक दिवस तळमळला, त्याची मला अजून टोचणी आहे.

बातमी कळल्यावर गावच्या बायका आल्या, लाकडं घेऊन, दूध घेऊन. "पोले सना, सिस्टा." मी सवयीने म्हणाले, "मी ठीक आहे, तुम्ही जा, कामं असतील." कोणी हललं नाही. तीन दिवस त्यांनी आमच्या अंगणात चूल पेटती ठेवली. ज्यांची घरं २००८ मध्ये जळली होती त्या किकुयू बायका आणि टेकाडावरची कोगो एकाच चुलीभोवती होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पाकीट दिलं, बाबांच्या मिस्सेसाठी वर्गणी काढली होती. नाणी, चुरगळलेल्या नोटा, सगळं मिळून दोन हजार शिलिंगांच्या आत-बाहेर. मी हात मागे घेतला. यांच्याकडून पैसे? आयरिश सिस्टरांनी माझा हात धरून तो पाकिटावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे. तुझे वडील त्यांचेही कोणीतरी झाले आहेत."

मी ते घेतलं. त्या रात्री चार वर्षांनी पहिल्यांदा मला माझ्या स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता आली.

परतल्यावर

परतणं हीसुद्धा परीक्षाच आहे आणि तिला कोणी परीक्षा म्हणत नाही. २०१६ मध्ये आले तेव्हा आमच्या वाडीच्या टोकाला इमारती झाल्या होत्या. सगळे विचारायचे, "कसं होतं आफ्रिकेत?" आणि उत्तर सुरू करेपर्यंत विषय बदलायचे. दुखतं. एखादी-दुसरी व्यक्ती शोधा जी तासभर ऐकेल. लगेच नवी जबाबदारी घेऊ नका, महिनाभर तरी मागून घ्या. आणि परतल्यावर पहिल्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, "मी आफ्रिकेतून आलेय, मलेरिया तपासा."

तिथल्या माणसांचे फोन नंबर कागदावर उतरवून आणा, मोबाइल बदलतात. नंबराशेजारी दोन्हीकडची वेळ लिहा. मी दर नाताळला संध्याकाळी साडेपाचला कोगोच्या नातीच्या फोनवर फोन लावते. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात, कोगोच्या मोजणीने नऊ. 'चामगे' झालं की ती पहिलं विचारते, मी दूध पिते की अजून टाळते.